झालरीवरचा सातवा राघू

दिवाळी जवळ आली की आमच्या रायपूरच्या बाजारात पणत्या, आकाशकंदील आणि रांगोळीच्या रंगांशेजारी आणखी एक गोष्ट मांडलेली दिसते. धानाची झालर! नव्या पिकाच्या पिवळ्याधमक लोंब्या एकमेकींत गुंफून केलेली जाळी. ती दारावर टांगायची. शोभेसाठी? शोभा तर येतेच, पण ती असते पाखरांसाठी. छत्तीसगड म्हणजे भाताचं कोठार. नवं धान घरात आलं की पाखरांचा वाटा दारावर लागलाच पाहिजे, अशी इथली रीत आहे.

आमचं घर मराठी. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यापासून मराठी माणसं इकडे राहत आली आहेत. त्यामुळे दिवाळीत आमच्याकडे आत करंज्या तळल्या जातात आणि बाहेर गॅलरीत झालर लागते.

गेल्या दिवाळीत त्या झालरीवर राघू उतरले. केवढा कल्ला! माझी भाची सुट्टीला आली होती. पाचवीत आहे ती. पडद्याआडून तिने मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन... सात. कोणी सरळ बसलेला, कोणी उलटा लटकलेला, कोणी लोंबी तोडून पायाच्या मुठीत धरून एकेक दाणा सोलणारा. दोघांच्या गळ्यात काळी-गुलाबी कंठी होती. ते मोठे नर. बाकीच्या माद्या असतील किंवा लहान नर, कारण नराला कंठी यायला दोन-तीन वर्षं लागतात.

तेवढ्यात ती कुजबुजली, "मावशी, सातवा बघ ना! त्याची शेपटी अर्धीच आहे. मानेवरची पिसं पण गेलीत. आजारी आहे का गं तो?"

मी काही सांगणार, तेवढ्यात खालून टाळ्यांचा ताल ऐकू आला आणि सगळे राघू भुर्रकन उडाले. सुआ नाचणाऱ्या बायका आल्या होत्या. छत्तीसगडीत पोपटाला सुआ म्हणतात. दिवाळीच्या दिवसांत इथल्या बायका टोपलीत धान भरतात, त्यावर मातीचे राघू ठेवतात, टोपली मधे ठेवून तिच्याभोवती गोल धरतात आणि टाळ्या वाजवत, गाणी म्हणत नाचतात. भाची टोपलीजवळ उकिडवी बसून ते मातीचे राघू बघत राहिली. मग तिने मला असा प्रश्न विचारला की मी तो रात्रभर डोक्यात घोळवला.

"मावशी, हे दोघं तर अगदी सारखे आहेत. आपल्या गॅलरीतले पण सारखेच दिसतात. एकाच झाडावर राहतात, एकच धान खातात. मग त्या एकालाच का काही झालं?"

सांगते. पण आधी घाबरू नका. राघू दरवर्षी जुनी पिसं टाकून नवी घालतात. पिल्लं मोठी झाली की हे काम सुरू होतं, आणि ते पुरं होईपर्यंत चांगला धडधाकट राघूसुद्धा विस्कटलेला दिसतो. शेपटी तर मांजराच्या झेपेतही तुटते. त्यामुळे पिसं गेली म्हणजे आजार झालाच, असं नाही. मात्र पिसं घालवणारा एक आजार पोपटांना खरोखर होतो, आणि भाचीच्या प्रश्नाचं उत्तर शास्त्रज्ञांना त्याच आजारात सापडलं.

त्याला चोच-पिसांचा रोग म्हणू या. त्यात नवी पिसं वेडीवाकडी, मुळाशी चिमटल्यासारखी उगवतात आणि गळतात. पुन्हा येतात, पुन्हा तशीच. काहींची चोच भलतीच लांब वाढते आणि तडकते. आता दाणा फोडायचा कसा? ऑस्ट्रेलियात ॲडलेड शहराजवळच्या डोंगरांत १८८८ साली पिसं नसलेले रानपोपट दिसल्याची नोंद आहे. ती या रोगाचीच सर्वांत जुनी नोंद असावी, असं मानतात.

हा रोग करतो एक विषाणू. किती लहान? असे पन्नास हजार विषाणू एका रांगेत उभे केले, तर रांग जेमतेम एक मिलिमीटर भरेल! स्वतःसारखा दुसरा कसा बनवायचा, याची माहिती त्याच्याजवळ फक्त सुमारे २००० अक्षरांत लिहिलेली असते. या लेखाच्या पहिल्या पानात मावेल एवढीच. राघूच्या एका पेशीतली माहिती मोजायला गेलात तर शंभर कोटींच्या वर अक्षरं भरतात.

एवढ्याशा सामानात नक्कल काढायचं यंत्र कुठून बसणार? म्हणून तो राघूचं यंत्र वापरतो. पेशीची वाढ होऊन एकीच्या दोन पेशी होतात ना, तेव्हा ती आधी आपल्या सगळ्या माहितीची नक्कल काढते. जणू पेशीतलं झेरॉक्सचं मशीन सुरू होतं. हा पठ्ठ्या आत शिरून त्या क्षणाची वाट बघत बसतो आणि मशीन सुरू झालं रे झालं की आपला कागद मधे सरकवतो. एक नक्कल, दहा, हजार!

आता ओळखा पाहू, राघूच्या अंगात ही मशीनं सगळ्यात जास्त कुठे चालू असतील? जिथे वाढ जोरात चालू असते तिथे. उगवणाऱ्या पिसांच्या मुळाशी. वाढणाऱ्या चोचीत. आणि पिल्लांच्या अंगात तर जिकडेतिकडे. म्हणून हा रोग पिसं आणि चोच धरतो, आणि म्हणून तो मोठ्यांपेक्षा पिल्लांना जास्त छळतो.

पिल्लांना छळण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते मला इतकं आवडतं की मी जरा तिथे थांबणार आहे.

पक्ष्यांच्या पिल्लांच्या पोटात मागच्या बाजूला, शेपटीखाली, एक छोटीशी पिशवी असते. इटलीच्या फॅब्रिसियस नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने सुमारे चारशे वर्षांपूर्वी तिचं वर्णन केलं, म्हणून तिचं नाव फॅब्रिसियसची पिशवी. लॅटिन भाषेत पिशवी म्हणजे बर्सा. पण ती करते काय? शेकडो वर्षं कोणाला पत्ता नव्हता! मग अमेरिकेत ब्रूस ग्लिक नावाचा एक तरुण संशोधक कोंबड्यांवर काम करत होता. लहानपणीच ही पिशवी काढून टाकलेल्या काही कोंबड्या त्याच्याकडे होत्या. त्यांपैकी काही दुसऱ्याच एका प्रयोगासाठी वापरल्या गेल्या, आणि सगळे चक्रावले. या कोंबड्यांच्या रक्तात रोगजंतूंशी लढणारी प्रतिपिंडं तयारच होत नव्हती! १९५६ साली ही गोष्ट छापून आली. प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी या पिशवीत तयार होतात, हे त्यातून कळलं. तशाच पेशी तुमच्या-माझ्या रक्तातही आहेत. त्यांना बी पेशी म्हणतात. तो 'बी' कुठला, माहीत आहे? बर्सा या शब्दातला! आपल्या अंगात ही पिशवी नाही, पण तिच्या नावाचं पहिलं अक्षर आपण रक्तात बाळगून आहोत.

तर पोपटांचा हा विषाणू पिल्लाच्या याच पिशवीवर घाला घालतो. लढणारे जिथे तयार व्हायचे, ती जागाच बिघडते. मग विषाणूने नाही मारलं तरी एरवी किरकोळ वाटणारा दुसरा एखादा आजार पिल्लाला आडवं करतो. मोठ्या पक्ष्यात ही पिशवी आपोआप आक्रसून जाते. तोपर्यंत तिचं काम झालेलं असतं.

आता ढोलीचं बघा. राघू घरटं विणत नाही. जुन्या झाडातल्या ढोलीत मादी तीन ते पाच अंडी घालते. आजारी राघूच्या पिसांची भुकटी आणि विष्ठा तिथेच पडून राहते, आणि हा विषाणू मोठा चिवट असल्यामुळे तो त्या धुळीत फार काळ टिकतो. पुढच्या वर्षी त्याच ढोलीत नवी जोडी येते. जुनी झाडं तोडली गेली की ढोल्या कमी होतात, आणि उरलेल्या ढोल्यांवर सगळ्यांची गर्दी होते.

वयाचं कोडं सुटलं. पण भाचीचा प्रश्न अजून शिल्लकच आहे. दोन राघू एकाच वयाचे, एकाच झाडावरचे असले तरी एकाला होतो आणि दुसऱ्याला नाही. असं का?

त्यासाठी ऑस्ट्रेलियात जाऊ या. तिथे क्रिमझन रोझेला नावाचे पोपट आहेत. जात एकच, पण रंग बघाल तर थक्क व्हाल. दमट जंगलांत राहणारे लालभडक, मरे नदीच्या काठचे पिवळे आणि ॲडलेडच्या बाजूचे नारिंगी. गाल मात्र सगळ्यांचे निळे! जस्टिन ईस्टवूड, मॅथ्यू बर्ग आणि त्यांच्या सोबत्यांनी रानातले हे पोपट अलगद पकडले, प्रत्येकाचं थोडंसं रक्त घेतलं आणि त्यात दोन गोष्टी तपासल्या. विषाणू आहे का, असला तर किती? आणि या पक्ष्याची जनुकं कशी आहेत?

जनुकं म्हणजे काय, तर अंग घडवायच्या कृती. प्रत्येक राघूजवळ अशा कृतींच्या दोन वह्या असतात. एक आईकडून आलेली, एक बाबांकडून. समजा, आईच्या वहीत एका पानावर तेल सांडलंय आणि कृती नीट वाचता येत नाही. हरकत नाही, बाबांच्या वहीतलं तेच पान उघडायचं. पण आईबाबा जवळचे नातेवाईक असले, तर दोघांच्या वह्या एकाच जुन्या वहीवरून उतरवलेल्या असतात. मग तेल सांडलेलं पान दोन्हीकडे तेच! शिवाय दोन वह्या वेगळ्या असल्या की रोगाशी लढायच्या युक्त्याही दुप्पट मिळतात.

ईस्टवूड आणि मंडळींचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. ज्या रोझेलांच्या दोन वह्या एकमेकींपासून जास्त वेगळ्या होत्या, त्यांना विषाणूची लागण होण्याची शक्यता कमी होती.

पण खरी गंमत पुढे आहे. त्यांनी आणखी एक गोष्ट मोजली. या पक्ष्याची जनुकं आजूबाजूच्यांसारखी आहेत की चारचौघांपेक्षा निराळी? आता शाळेचा गणवेश आठवा. जून महिन्यात दुकानात तयार गणवेश मिळतात. ते कोणाच्या मापाचे शिवतात? जी मापं सगळ्यात जास्त मुलांना बसतील त्या. एखादी मुलगी खूप उंच असली, तर तिला तो गणवेश अंगात घालता येतो, पण धड बसत नाही. विषाणूचंही असंच काहीसं होतं. त्या भागात ज्या प्रकारचे पोपट जास्त, त्यांच्यातच त्याची पिढ्यानपिढ्या वाढ होते, त्यामुळे तो त्यांच्याच मापाचा बनत जातो. निराळी जनुकं असलेल्या पोपटात तो शिरू शकतो, पण तिथे त्याचं नीट जमत नाही. अभ्यासात नेमकं हेच दिसलं. निराळ्या जनुकांचे पोपट लागणीतून सुटले नाहीत, पण लागण झालेल्यांत अशा पोपटांच्या अंगात विषाणूचं प्रमाण कमी निघालं.

म्हणजे बघा, दोन वह्या वेगळ्या असणं हे दारावरच्या राखणदारासारखं. आणि चारचौघांपेक्षा निराळं असणं हे पाहुणा घुसलाच तर त्याला पाय पसरू न देण्यासारखं. दोघांची कामं वेगळी! आणि संपूर्ण वस्त्यांची एकमेकींशी तुलना केली तेव्हा हा फरक दिसला नाही. तो दिसला एकेका पक्ष्यात. म्हणून तर मला भाचीचा प्रश्न इतका आवडला. तिने थव्याकडे बघून विचारलं नव्हतं. सातव्याकडे बघून विचारलं होतं.

हे सगळं मी तिला सांगत होते तेव्हा ती झालरीतल्या लोंबीशी खेळत होती. मी म्हटलं, तुझ्या हातात भात आहे ना, त्याचीसुद्धा हीच गोष्ट आहे. भाताला करपा नावाचा रोग पडतो. पानांवर ठिपके पडतात आणि पीक वाळतं. मैलोन्‌मैल एकाच वाणाचं भात असलं तर करपा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सरसर जातो. चीनमधल्या युनान प्रांतात हजारो शेतकऱ्यांनी एकाच शेतात वेगवेगळे वाण शेजारी-शेजारी लावून पाहिले. करप्याला लवकर बळी पडणाऱ्या वाणांवर रोगाचा जोर ९४ टक्क्यांनी घटला, आणि औषध फवारायची गरजच उरली नाही! हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला.

आपल्या रायपूरलाही या गोष्टीचा अभिमान वाटावा असं काही आहे. डॉ. राधेलाल रिछारिया नावाच्या भातशास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकात छत्तीसगड आणि मध्य प्रदेशातल्या गावोगावच्या शेतकऱ्यांकडून भाताचे हजारो देशी वाण गोळा केले. कोणी सुगंधी, कोणी काळ्या टरफलाचं, कोणी उंच जमिनीवर येणारं, कोणी पाण्यात उभं राहणारं. आज रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात भाताचे तेवीस हजारांहून जास्त नमुने जपून ठेवले आहेत. कुठला वाण कुठल्या रोगापुढे छाती काढून उभा राहील, हे आधी कसं कळणार? म्हणून सगळेच जपायचे.

भाताला बियांची पेढी मिळाली. पण पोपटांचे वाणच संपत आले तर? ही गोष्ट मॉरिशसमध्ये घडली आहे.

हिंदी महासागरातल्या या बेटावर कोकणातून गेलेल्या मराठी माणसांची वस्ती दीडशेहून जास्त वर्षांची आहे. तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते! याच बेटावर इको नावाचा हिरवा पोपट राहतो. आपल्या राघूचा अगदी जवळचा भाऊबंद. दिसायलाही तसाच, फक्त जरा ठेंगणा-ठुसका. जंगलं तुटली, बाहेरून आलेले उंदीर आणि माकडं अंडी खाऊ लागली, आणि १९८० च्या दशकात रानात जेमतेम दहा-बारा इको उरले. सगळ्या जगात मिळून दहा-बारा! कार्ल जोन्स आणि त्यांच्या सोबत्यांनी घरटी राखली, पिल्लं सांभाळली, खाऊ ठेवला. थवे पुन्हा वाढू लागले.

आणि २००५ च्या सुमारास चोच-पिसांच्या रोगाची साथ आली. शास्त्रज्ञांकडे ११ वर्षांचे नमुने होते. ते तपासल्यावर कळलं, की विषाणूच्या त्या इवल्याशा माहितीत काही अक्षरं बदलली होती. बदल त्याच्या बाहेरच्या आवरणात असेल असं सगळ्यांना वाटलं होतं, पण तो होता नकला काढायला लावणाऱ्या जनुकात. बघता बघता बेटावरच्या इकोंमध्ये जुना विषाणू दिसेनासाच झाला. राहिला फक्त नवा. आता वह्यांची गोष्ट आठवा. हे सगळे इको त्या मूठभर पक्ष्यांचे नातू-पणतू. त्यांच्या वह्या किती सारख्या असतील!

तरीही ते टिकले. काही लागण होऊनही बरे झाले, त्यांनी पिल्लं वाढवली. आज बेटावर सातशेहून जास्त इको आहेत. मला या आकड्याचा इतका आनंद होतो की मी तो कोणाला ना कोणाला सांगतच असते.

आपल्या राघूंचं काय? २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बांगलादेश आणि पाकिस्तानातल्या रानपोपटांतही हा विषाणू सापडला. तो देशोदेशी पोचतो त्यात पोपटांच्या व्यापाराचा मोठा हात आहे. पिंजऱ्यात एकमेकांना चिकटून बसलेले वेगवेगळ्या देशांतले पोपट, म्हणजे विषाणूला आयती जत्राच. आपल्याकडे राघू पकडणं, विकणं, पाळणं कायद्याने बंद आहे, ते किती बरं! दुकानात 'लव्ह बर्ड्स' म्हणून जे परदेशी छोटे पोपट मिळतात, ते कोणी पाळले असतील तर त्यांना दया येऊन बाहेर उडवून देऊ नका. ते इथे जगत नाहीत, आणि त्यांच्या अंगातलं काही रानातल्या थव्यात गेलं तर ते परत बोलावता येत नाही. पाखरांसाठी पाण्याचं भांडं ठेवत असाल तर रोज घासून, उन्हात वाळवून मग भरा. विस्कटलेला राघू दिसला तर त्याला हात लावू नका, मोठ्यांना सांगा. चोच-पिसांचा रोग माणसाला होत नाही, पण पक्ष्यांचे काही दुसरे आजार होतात.

भाचीने त्या दिवाळीत एक वही केली. प्रत्येक राघूचं एक पान. मी म्हटलं, सगळ्या पानांवर एकच चित्र येणार आहे गं. ती काही बोलली नाही. सुट्टी संपली, ती घरी गेली.

पौष पौर्णिमेला छेरछेरा असतो. मुलं झोळ्या घेऊन दारोदार धान मागत फिरतात. त्या दिवशी ती पुन्हा आली. जुन्या झालरीची नुसती काडं उरली होती, म्हणून मी दुसरी लावली होती. दुपारी राघू आले. सात. सगळ्यांच्या शेपट्या लांबसडक, माना गुळगुळीत, हिरव्यागार. मी दोनदा निरखून पाहिलं, पण सातवा कोणता ते मला काही सांगता येईना.

तिने वही उघडली. बोट ठेवून एकेक पान बघितलं. मग म्हणाली, "तो बघ. डावीकडून तिसरा. बाकी सगळे डाव्या पायात लोंबी धरतात, तो उजव्या पायात धरतो. दिवाळीतच लिहून ठेवलंय मी."